शे माय

लीलाधरला पडद्यावरची लाल टिकली दाबायची होती. हात जरासा चुकला, तिच्या शेजारचं कानाचं चित्र दाबलं गेलं, आणि कॉम्प्युटरच्या दोन्ही स्पीकरांतून एक तरणा पुरुष घाईघाईने बोलला:

"झ स्वी शे मा मॅर."

लीलाधरने मागे वळून पाहिलं. खोलीत कुणी नव्हतं. खिडकीबाहेर धुळ्याची दुपार तापली होती आणि पलीकडच्या गच्चीवर कुणाच्या तरी गोधड्या वाळत होत्या. भुतांच्या वेळा दोन, एक मध्यरात्र आणि दुसरी भर दुपार, हे त्याच्या गावी, सावद्याला, लहान पोरालाही ठाऊक असतं. पण लीलाधर शेतकी कॉलेजात केळीच्या रोगांवर संशोधन करत होता, आणि एवढं शिकल्यावर घाबरायची सोय राहत नाही.

तेवढ्यात स्वयंपाकघरात काहीतरी पडलं. डबा असावा, कारण त्याचं झाकण बराच वेळ फरशीवर गरगरत राहिलं. ते थांबायच्या आत सुगंधाबाई खोलीच्या दारात उभ्या होत्या, हात पिठाने भरलेले. लीलाधर त्यांच्याकडे राहायला आल्याला तीन महिने झाले होते, पण त्यांनी या खोलीचा उंबरा ओलांडलेला त्याने पाहिला नव्हता. रोज दुपारी चहा आणायच्या, उंबऱ्याबाहेर फरशीवर ठेवायच्या, "चहा शे" एवढं म्हणायच्या आणि वळायच्या. आज त्या सरळ आत आल्या आणि पिठाचा हात टेबलावर टेकून उभ्या राहिल्या.

"हिलाल बोलना ना?"

लीलाधर पडद्याकडे बघू लागला.

"परत लाव," त्या म्हणाल्या.

त्याने परत कान दाबला. तोच आवाज, तीच घाई, जसं कुणीतरी बाहेर मोटारसायकल सुरू ठेवून वाट बघतंय. सुगंधाबाई ऐकून झाल्यावर हसल्या. रडल्या असत्या तर लीलाधरला काय करायचं ते कळलं असतं. पाण्याचा तांब्या आणला असता, जीवराम आबांना हाक मारली असती. हसणाऱ्या बाईसमोर तो नुसता बसून राहिला.

"दख ना," त्या म्हणाल्या. "शे माय म्हनस तो."

हिलाल हा जीवराम आबा आणि सुगंधाबाईंचा एकुलता मुलगा. पाण्याचं इंजिनिअरिंग शिकला होता आणि पुढचं शिकायला फ्रान्सला निघाला होता. आबा एसटीतून निवृत्त झाले तेव्हा त्यांनी पोरासाठी हा कॉम्प्युटर घरात आणला. गल्लीत पहिलाच, त्यामुळे पहिला आठवडा तर लोक तो नुसता बघायला येत होते. पुण्याच्या एका मित्राने फ्रेंच शिकवणारी सीडीची चकती पाठवली. तिकीट हातात आलं, आणि हिलाल पद्मालयाच्या गणपतीला नारळ वाहायला म्हणून एरंडोलकडे मोटारसायकलवर गेला. परतताना रस्त्याच्या कडेला बिनदिव्याचा ट्रक उभा होता. याहून जास्त त्या घरात कुणी कधी सांगत नसे, आणि विचारायची लीलाधरची छाती नव्हती.

या गोष्टीला दीड वर्ष झालं होतं. मग लीलाधरचं फ्रान्सचं ठरलं. केळीवरच्या करपा रोगाचा अभ्यास करायला दोन वर्षं, तेही दक्षिण फ्रान्समधल्या एका विद्यापीठात. बातमी सावद्याला पोचली तेव्हा त्याचे वडील मळ्यात घड उतरवत होते. ते म्हणाले, काखेत कळसा आणि गावाला वळसा तो हाच. केळी आमच्या दारात आणि तिची अक्कल फ्रान्सात. पण मनातून खूष झाले होते, कारण संध्याकाळपर्यंत अर्ध्या गावाला सांगून आले. घोडं अडलं होतं ते भाषेपाशी. फेब्रुवारीअखेर मुंबईला तोंडी परीक्षा होती. तीत पास झाला तर जायचं, नाहीतर त्याची जागा यादीतल्या पुढच्या मुलाला. आणि लीलाधरचं इंग्रजीच मुळात सावद्याच्या वळणाचं, फ्रेंच तर त्याने कानाने कधी ऐकलंही नव्हतं.

कॉलेजातल्या सरांची आणि जीवराम आबांची ओळख होती. सरांनी शब्द टाकला आणि आबांनी हिलालची खोली उघडून दिली. यंत्र बंद ठेवलं की सडतं, एसटीचंही तसंच असतं, असं म्हणून त्यांनी कॉम्प्युटरवरचं भरतकामाचं झाकण स्वतःच्या हाताने काढलं. मग खाकरले आणि बाहेर गेले. कुठेही आत-बाहेर करताना खाकरायची त्यांची सवय होती.

चकतीतली फ्रेंच बाई एक प्रश्न विचारायची. लाल टिकली दाबून समोरच्या मायक्रोफोनमध्ये उत्तर बोलायचं. आपण बोललेलं परत ऐकायचं असेल तर कान दाबायचा. बाई मनाने मोठी होती. उत्तर बरोबर आहे की चूक हे तिला कळत नसे. आवाज पोचला की ती हिरवा तारा द्यायची आणि पुढचा धडा उघडायची. एकदा टिकली दाबली आणि लीलाधरला नेमकी शिंक आली, तर त्या शिंकेलाही तारा मिळाला. पडद्यावर अक्षरं उमटली: ब्राव्हो, हिलाल.

ते नाव तेवढं बदलता येत नव्हतं. चकती एकाच विद्यार्थ्यासाठी होती आणि तो विद्यार्थी हिलाल होता. रोज दुपारी यंत्र सुरू झालं की पडदा आधी निळा व्हायचा आणि मग म्हणायचा: बॉनजूर, हिलाल. पहिले काही दिवस लीलाधरला कसंसंच झालं. नंतर तो मनातल्या मनात "बॉनजूर" म्हणू लागला. माणसाला कशाचीही सवय होते, आणि लीलाधरला तर परीक्षा द्यायची होती.

हिलालने नऊ धडे केले होते. पुढचे राहिले, तिकडे गेल्यावर शिकू म्हणाला असेल. लीलाधरने आल्या दिवशीच 'पहिल्यापासून सुरू' दाबलं, तेव्हा सगळे धडे मिटले, आणि तो एकेक उघडत निघाला. धडे मिटले म्हणजे त्यांच्यातला आवाजही पुसला गेला, असं त्याने धरून चाललं होतं. तो पुसला गेलाच नव्हता. आपण नवं बोलेपर्यंत जुनं तिथेच बसून होतं. हे कळलं ते नवव्या धड्यात, हात चुकला तेव्हा.

म्हणजे पहिल्या आठ धड्यांतला हिलाल लीलाधरने स्वतःच पुसला होता, एकेक करून, दर वेळी हिरवा तारा घेऊन.

दुसऱ्या दिवशी सुगंधाबाई चहाचे दोन कप घेऊन आल्या आणि उंबरा ओलांडून पलंगाच्या कडेवर बसल्या. बाकीच्या आठ धड्यांत तो काय बोलला तेही लाव, म्हणाल्या. लीलाधरने खाली बघत सगळं सांगितलं. तो चहा त्याला पाणचट लागला, एवढं त्याच्या लक्षात आहे. सुगंधाबाई बराच वेळ कपाच्या कानावरून बोट फिरवत राहिल्या.

"तुले कोठे ठावं व्हतं," त्या शेवटी म्हणाल्या. "जे शे ते लाव."

त्याने लावलं. फ्रेंच बाईने विचारलं, "ऊ ए तू?" आणि हिलालने सांगितलं, "झ स्वी शे मा मॅर."

लीलाधरला तोवर एक गोष्ट समजलीच नव्हती. त्याच्या सावद्याकडे 'आहे'ला 'हाये' म्हणतात. 'शे' हे इकडचं, धुळ्याकडचं. तो तीन महिने रोज "चहा शे" ऐकत होता, पण फ्रेंचमधला 'शे' त्याच्या डोक्यात वेगळ्या खणात ठेवलेला होता. सुगंधाबाईंच्या डोक्यात एकच खण होता. त्यांना त्या अगम्य बडबडीतून त्यांचा मुलगा स्वच्छ त्यांच्या बोलीत बोलताना ऐकू येत होता: शे, माय. आहे, आई.

काय करावं? सांगावं तर त्या बाईच्या हातातलं काढून घेतल्यासारखं. न सांगावं तर फसवल्यासारखं. लीलाधर स्वभावाने सरळ होता, आणि सरळ माणसाला अशा वेळी दुसरं काही सुचत नाही. तो म्हणाला, "अक्का, ते फ्रेंच आहे. बाई विचारते, तू कुठे आहेस. त्यात 'शे' म्हणजे कुणाच्या तरी घरी. तो म्हणतो, मी माझ्या आईच्या घरी आहे."

सुगंधाबाईंनी त्याच्याकडे नवलाने पाहिलं.

"मंग मी काय येगळं सांगी ऱ्हायनू?"

लीलाधरने पुन्हा कान दाबला.

त्या दिवसापासून त्या रोज येऊ लागल्या. लीलाधरने त्यांना यंत्र चालवायला शिकवलं, कारण त्याला कॉलेजात जावं लागे आणि त्यांना वाट बघवत नसे. कान दाबायचा, हे त्याने नीट दाखवलं. शेजारच्या लाल टिकलीला मात्र हात लावायचा नाही. तिथे दाबून कुणी बोललं तर हिलाल गेला, परत यायचा नाही. हे त्याने दोनदा सांगितलं, आणि दुसऱ्यांदा सांगताना त्याचं त्यालाच वाईट वाटलं. त्यांनी मान हलवली. त्या दिवसापासून कॉम्प्युटरचा उंदीर, म्हणजे माउस, धरताना त्या डाव्या हाताने उजवं मनगट धरून ठेवायच्या, चुकून घसरू नये म्हणून.

आवाज सुरू झाला की जीवराम आबा चपला घालून बाहेर पडत. एकदाही त्यांनी तो ऐकला नाही. एकदाही ऐकू नका किंवा लावू नका म्हणाले नाहीत. नुसते चपला घालत.

आणि लीलाधरचा दहावा धडा उघडेना. नवव्यात बोलल्याशिवाय तो उघडणारच नव्हता. स्टँडजवळच्या कॉम्प्युटर क्लासवाल्याला त्याने घरी आणून दाखवलं. त्याने बरीच खटपट केली आणि सांगितलं की एका धड्याला एकाच आवाजाची जागा आहे, हा आवाज तिथून काही बाहेर काढता येत नाही. फार तर टेप करून ठेवा. लीलाधरने कॉलेजातल्या मित्राचा टेपरेकॉर्डर आणला, तो स्पीकरला चिकटवून ठेवला आणि श्वास रोखून हिलालला कॅसेटमध्ये उतरवलं. मग मोठ्या आशेने सुगंधाबाईंना ऐकवलं. कॅसेट जुनी, लग्नातल्या गाण्यांवर घेतलेली. खरखरीत 'शे'मधला श पार बुडाला होता.

सुगंधाबाईंनी एकदाच ऐकलं.

"हाऊ मना हिलाल नही," त्या म्हणाल्या. "हाऊ 'हे' म्हनस." मग पदराने तोंड पुसताना त्यांना हसू आलं. "हाऊ ते सावदाना दिसस."

लीलाधरही हसला. त्या घरात त्यांनी दोघांनी मिळून हसण्याची ती पहिली वेळ होती. टेपरेकॉर्डर मित्राकडे परत गेला.

धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, अशी त्याची गत झाली. पुस्तकातून शब्द पाठ होत होते, पण कानाला वळण लागत नव्हतं. सर विचारत, किती धडे झाले. तो म्हणे, चाललंय. एका दुपारी घरात कुणी नव्हतं. त्याने उंदीर धरला, बाण लाल टिकलीवर नेला. एक बोट, एक वाक्य, आणि दहावा धडा. आठ तर पुसलेच होते. नववा पुसला तर असं काय आभाळ कोसळणार होतं? मागे कुणीतरी खाकरलं.

जीवराम आबा दारात होते. बाजारची पिशवी हातात. त्यांनी पडद्याकडे पाहिलं नाही, लीलाधरकडे पाहिलं.

"धडा अडकना का तुना?"

"नाही आबा," लीलाधर म्हणाला. "चाललंय."

आबांनी मान डोलावली. ते खोटं त्यांना कळलं, आणि त्यांना कळलंय हे लीलाधरला कळलं. ते पिशवी घेऊन आत गेले. लीलाधरने यंत्र बंद केलं.

पुढे पुढे त्याला स्वतःचीच भीती वाटायला लागली. बाजारात कुणीतरी "ए हिलाल" अशी हाक मारली, धुळ्यात हिलाल काही एक नव्हता, आणि याने झटकन मान वळवली. प्रयोगाच्या पानावर नाव लिहिताना पहिलं अक्षर 'हि' पडलं. त्याने ते गिरवून गिरवून 'ली' केलं. रस्त्याने जाता जाता फ्रेंच वाक्यं मनात म्हणायला घेतली की ती हिलालच्या आवाजात यायची, हिलालच्या घाईने. खुर्चीची बैठक एका बाजूला दबलेली होती, कुणीतरी कललं बसायचं. आता तोही तसाच कलून बसू लागला होता. सुगंधाबाई वांग्याच्या भरताला मिरची जास्त टाकू लागल्या. लीलाधरला तिखट सोसत नसे. तो मुकाट्याने खायचा आणि पाणी प्यायचा. एकदा स्वयंपाकघरात जाताना त्याला दिसलं, त्या एकट्याच चुलीशी बसून हळू आवाजात विचारत होत्या, "ऊ ए तू?" फ्रेंच बाईच्या तोंडचं ते वाक्य त्यांना पाठ झालं होतं. विचारून त्या थांबायच्या, खोलीच्या दिशेने कान द्यायच्या.

संक्रांतीला तो सावद्याला निघाला. पिशवी खांद्याला लावून दारात म्हणाला, "जातो अक्का."

सुगंधाबाई आतून लगबगीने आल्या. त्यांचा चेहरा बदलला होता.

"जास म्हनू नको रे बा. येस म्हन."

"येतो," लीलाधर म्हणाला.

"हिलाल बी जास म्हनीच गया," त्या म्हणाल्या. या घरात 'जा' किंवा 'जातो' हा शब्द कुणी उच्चारत नसे. आबा बाजारात निघाले तरी "येस" म्हणत, दूधवाल्यालाही त्या "ये बरं" म्हणून निरोप देत. लीलाधरने ते इतके दिवस ऐकलं होतं. कारण त्याला त्या दिवशी कळलं.

सावद्याला घर माणसांनी भरलेलं होतं. तिळगूळ झाला, बहिणीची पोरं अंगाखांद्यावर नाचली. दुपारी तो मागच्या अंगणात, केळीच्या पानांच्या ढिगाजवळ बाजेवर पडला होता. समोर त्याची आई झुंबरबाई दाणे निवडत बसली होती. आपण आपल्या आईच्या घरी आहोत, असं त्याच्या मनात आलं मात्र, आणि ते वाक्य आपसूक ओठांवर उमटलं. ओठ त्याचे होते. आवाज हिलालचा होता. तो ताडकन उठून बसला.

"काय पुटपुटून रायला?" झुंबरबाईने विचारलं.

त्याने सगळं सांगितलं. कान, लाल टिकली, शे माय, अडकलेला धडा. झुंबरबाईचे हात सुपात चालूच होते. ऐकून झाल्यावर तिने एक खडा उचलून लांब फेकला.

"थे बाई ऐकते थे चांगलंच करते," ती म्हणाली. "मीबी ऐकलं असतं. पन तू काहून बसला तिच्या पोराच्या खुर्चीत?"

तो रात्रभर त्यावर विचार करत राहिला आणि सकाळी त्याचं ठरलं. खोली सोडायची. पुस्तकावर जेवढं येईल तेवढं घेऊन मुंबईला जायचं. नाही झालं तर नाही. केळी काय, सावद्यालाही आहे आणि करपाही आहे. सुगंधाबाईंचा तेवढा एक धडा त्यांच्याकडे राहू द्यायचा. निर्णय झाल्यावर त्याला बरं वाटायला हवं होतं. तसं काही वाटलं नाही. दोन वर्षं ज्याच्यासाठी डोळे फोडले ते हातातून जाणार, याचं दुःख त्याला सरळ सरळ झालं, आणि एसटीत खिडकीशी बसून त्याने डोळेही पुसले. एरंडोलच्या फाट्यावर गाडी थांबली तेव्हा मात्र त्याने बाहेर बघायचं टाळलं.

धुळ्याला पोचला तेव्हा दुपारच होती. आबा ओट्यावर बसले होते. त्यांनी "उना का" विचारलं आणि पुन्हा पेपर उघडला. स्वयंपाकघरातून फोडणीचा वास येत होता. खोली झाडलेली होती, पलंगावर धुतलेली चादर. लीलाधरने आपली पुस्तकं पिशवीत भरली, अंथरूण गुंडाळलं. मग त्याला वाटलं, जाण्याआधी एकदा ऐकावं. इतके दिवस ज्याच्या खुर्चीत बसलो त्याला न सांगता कसं निघायचं?

तो खुर्चीत सरळ बसला, कलला नाही. यंत्र सुरू केलं. पडदा निळा झाला. बॉनजूर, हिलाल. धड्यांची यादी आली.

दहावा धडा उघडा होता.

नवव्यासमोर हिरवा तारा होता. त्याने बाण कानावर नेला, आणि दाबण्याआधी थोडा वेळ नुसता धरून ठेवला. मग दाबला.

फ्रेंच बाईने विचारलं, "ऊ ए तू?"

आधी बांगड्या वाजल्या, अगदी जवळ. कुणीतरी मायक्रोफोनच्या फार जवळ तोंड आणलं होतं. श्वास ऐकू येत होता. मग सुगंधाबाईंचा आवाज आला, कुणालातरी झोपेतून उठवताना असतो तसा हळू.

"शे बा. मी बी आठेच शे."

मीही इथेच आहे, म्हणत होत्या त्या. मग नुसता लांब रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीचा आवाज. वाटलं, संपलं.

"जाय तू आते."

त्या आवाजाच्या मागे, स्पीकरांतूनच, कुणीतरी लांबून खाकरलं. तिथे ते तुटलं आणि पडद्यावर अक्षरं आली: ब्राव्हो, हिलाल.

लीलाधरने पुन्हा लावलं नाही. तो हात मांडीवर ठेवून बसला. चूक झाली असेल, हा विचार त्याने करून पाहिला. पण मनगट धरून ठेवणारी ती बाई त्याला माहीत होती, आणि त्या घरात न उच्चारला जाणारा तो शब्दही त्याला माहीत होता. त्याला मोठ्याने रडावंसं वाटलं आणि तो थोडासा रडलाही, आवाज बाहेर जाणार नाही असा.

स्वयंपाकघरातून हाक आली.

"उघडना का पुढला धडा?"

आवाज रोजचाच होता. भाजी शिजली का विचारावं तसा. लीलाधरने नाक पुसलं. 'उघडला' म्हणायला गेला आणि तोंडातून दुसरंच आलं.

"उघडना, अक्का."

थोड्या वेळाने पावलं वाजली. त्याने मान वळवली. सुगंधाबाई दाराशी आल्या होत्या, हातात एकच कप. त्यांनी गुंडाळलेल्या अंथरुणाकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं नाही. वाकून कप उंबऱ्याबाहेर फरशीवर ठेवला.

"चहा शे," त्या म्हणाल्या, आणि वळल्या.